वाळकेश्वरच्या खोलीतील चित्रकार

मुंबईच्या काळा घोडा परिसरात आज चित्रप्रदर्शनांना तोटा नाही. जहांगीर कलादालन, त्याच्या मागेपुढे उभी राहिलेली खासगी दालने, शेजारचे आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय आणि १९९९पासून भरणारा कला महोत्सव यांमुळे मुंबईकराला चित्रकला भेटण्याची ती हक्काची जागा झाली आहे. ज्या घोड्यामुळे या चौकाला नाव मिळाले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५मध्ये तिथून हलला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. नाव मात्र टिकले. या परिसराच्या जडणघडणीत वाटा उचललेल्या काही माणसांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. त्यांचे काम टिकले आणि नाव मागे पडले. कृष्णाजी हौळाजी आरा हे त्यांपैकी एक ठळक नाव. हुसेन, सूझा आणि रझा यांच्या बरोबरीने ज्यांनी भारतीय चित्रकलेला नवे वळण दिले, त्या सहाजणांत आरा होते. पण या सहांमध्ये ज्याची सुरुवात सर्वांत खालून झाली आणि जो अखेरपर्यंत याच शहरात, जवळजवळ एकाच खोलीत राहिला, असा चित्रकार तेच.

आरांचा जन्म १९१४ साली हैदराबाद संस्थानात, सिकंदराबादजवळच्या बोलारम येथे झाला. बोलारम हे इंग्रजांच्या लष्करी छावणीचे ठिकाण. वडील मोटारचालक होते. आरा तीन वर्षांचे असताना आई गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले आणि घरात या मुलाचे मन रमेनासे झाले. वयाच्या सातव्या वर्षी, ज्या वयात मुले पाटी-दप्तर घेऊन शाळेची वाट धरतात, त्या वयात त्याने घर सोडले आणि मुंबई गाठली. पुढे दोन-तीन वर्षांत वडीलही वारले, त्यामुळे परतीची वाट आपोआप बंद झाली. नातेवाईक नाहीत, शिक्षण नाही, हाती कोणतेही कसब नाही, अशा अवस्थेत हा मुलगा मोठ्या शहराच्या आधाराने वाढू लागला.

त्या काळातील मुंबईत अशा मुलांना दोनच गोष्टी सहज मिळत. एक म्हणजे घरकाम आणि दुसरी म्हणजे मोटारी पुसण्याचे काम. आरांनी ही दोन्ही कामे केली. युरोपीय कुटुंबांच्या घरी ते वरकाम करीत. या घरांनी त्यांना पगार आणि निवारा दिला. पण त्याहून मोलाची एक गोष्ट नकळत दिली. भिंतीवरच्या चौकटींतील चित्रे, टेबलावर मांडलेल्या फुलदाण्या, फळांची तबके, काचेची व चिनी मातीची भांडी हे सारे रोज पुसायचे, उचलायचे आणि जागच्या जागी ठेवायचे, हा त्यांच्या चाकरीचाच भाग होता. पुढे त्यांच्या शेकडो चित्रांत ज्या वस्तू अवतरल्या, त्यांच्याशी त्यांची ओळख मालकाच्या नात्याने नव्हे, तर त्या हाताळणाऱ्या नोकराच्या नात्याने झाली होती. त्यांची स्थिरवस्तुचित्रे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते.

१९३०मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा आरा सोळा वर्षांचे होते. मुंबई त्या चळवळीने ढवळून निघाली होती. या हवेत आरांनीही उडी घेतली आणि त्यांना काही महिन्यांचा तुरुंगवास घडला. सुटून आल्यावर पुन्हा पोटाचा प्रश्न होताच. पुढे त्यांना एका जपानी कंपनीत मोटारी धुण्याचे काम मिळाले आणि त्याबरोबर वाळकेश्वर रस्त्यावरच्या इमारतीत नोकरांसाठी असलेली एक लहानशी खोली मिळाली. १९४१च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, जपान ब्रिटिशांचा शत्रू झाला आणि मुंबईतील जपानी कंपन्यांचे व्यवहार बंद पडले. मालक गेले, खोली मात्र आरांकडे राहिली. मलबार हिलसारख्या श्रीमंत वस्तीतील या नोकरांच्या खोलीने भारतीय कलेला एक चित्रकार दिला, असे म्हणण्यास हरकत नाही. कारण मुंबईत कलावंताला अडवणारी पहिली गोष्ट रंग किंवा कागद नसते. ती जागा असते. आरांची अडचण दूरच्या एका युद्धाने सोडवली.

चित्रे काढण्याचा नाद त्यांना लहानपणापासून होता. काम आटोपल्यावर मिळेल त्या कागदावर, मिळेल त्या रंगाने ते चित्र काढीत. त्यांना गुरू नव्हता आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविकाही नव्हती. त्या काळात या पदविकेला मोठे महत्त्व होते. १८५७मध्ये सुरू झालेल्या या कलाशाळेतून शिकून निघालेला विद्यार्थी, १८८८मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात चित्र पाठवी, तिथे बक्षीस मिळवी आणि मग त्याच्याकडे व्यक्तिचित्रांची कामे येत. संस्थानिक, गिरण्यांचे मालक आणि सरकारी अधिकारी हेच काय ते गिऱ्हाईक होते. हुबेहूब साधर्म्य आणि सफाईदार हात यांवर या व्यवहाराची सारी भिस्त होती. या साखळीच्या एकाही कडीत आरांना जागा नव्हती.

ही साखळी थोडी सैल झाली ती एका वेगळ्याच कारणाने. जर्मनी व ऑस्ट्रियात नाझींचा जोर वाढला तेव्हा तेथून निसटलेली काही सुसंस्कृत माणसे १९३०च्या दशकात मुंबईत आली. टाइम्स ऑफ इंडियामध्ये कलासमीक्षा लिहिणारे रूडी फॉन लायडन, त्याच वृत्तपत्राचे कलासंचालक झालेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि चित्रांचे संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर ही त्यांपैकी तीन नावे. युरोपातील आधुनिक कला यांनी जवळून पाहिली होती. चित्र म्हणजे दृश्याची नक्कल, हा समज ते मागे टाकून आले होते. लँगहॅमर यांच्या नेपिअन सी रस्त्यावरच्या घरी तरुण चित्रकार जमत, युरोपीय चित्रांच्या छापील प्रती पाहत आणि चर्चा करीत. ज्या शहरात सेझान किंवा मातीस यांचे मूळ चित्र पाहायला मिळणे अशक्य होते, त्या शहरात या छापील प्रतींचे महत्त्व आज सांगून पटणार नाही.

लायडन यांच्या नजरेला आरांची चित्रे पडली आणि या माणसाचे आयुष्य पालटले. लायडन व लँगहॅमर यांनी त्यांना रंगसाहित्य, सल्ला आणि मुख्य म्हणजे आत्मविश्वास दिला. कलाशाळेचे वळण हातात नसणे, हा दोष नसून कदाचित तोच गुण ठरू शकेल, हे या मंडळींनी ओळखले. आरांच्या रेषेत कच्चेपणा होता, पण रंगांत धिटाई होती. प्रमाणबद्धतेची त्यांना फिकीर नव्हती, पण कागदावरील जागा कशी भरावी याची उपजत जाण होती. १९४२मध्ये मुंबईत त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले आणि त्याला चांगला प्रतिसाद मिळाला. १९४४मध्ये ‘मराठा बॅटल’ या चित्रासाठी त्यांना गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले. मोटारी धुणारा माणूस चित्रकार म्हणून ओळखला जाऊ लागला.

मात्र पारितोषिक मिळाले म्हणजे दार कायमचे उघडले, असे होत नाही. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्या घटनेच्या आनंदाने भारून आरांनी एक भव्य चित्र रंगवले. ते त्यांनी बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनासाठी पाठवले आणि परीक्षकांनी ते नाकारले. ज्याने वयाच्या सोळाव्या वर्षी तुरुंगवास भोगला होता, त्याच्या स्वातंत्र्याच्या चित्राला जागा मिळू नये, ही बाब त्यांच्या मित्रांना झोंबली. त्यांतील एक होते फ्रान्सिस न्यूटन सूझा. गोव्यातून आलेल्या, शिवणकामावर संसार चालवणाऱ्या आईच्या या बंडखोर मुलाला १९४५मध्ये जे. जे.मधून काढून टाकण्यात आले होते. दुसरे होते सय्यद हैदर रझा. मध्य प्रांतातून आलेले रझा फोर्टमधील एका ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी करून उरलेल्या वेळेत मुंबईचे रस्ते रंगवीत. या तिघांनी १९४७मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची कल्पना मांडली आणि आणखी तिघे त्यांना येऊन मिळाले. सिनेमाचे फलक रंगवून आणि लाकडी खेळणी व फर्निचरचे आराखडे करून दिवस काढलेले मकबूल फिदा हुसेन, अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे हे ते तिघे.

या सहाजणांची यादी नीट पाहिली तर तिच्यात एका मोठ्या शहराचा स्वभाव दिसतो. एक कॅथलिक गोवेकर, दोन मुसलमान, दोन मराठी आणि एक बोलारमचा अनाथ. एकाचाही घरचा वारसा चित्रकलेचा नव्हता आणि बहुतेकांचे पोट दुसऱ्याच कामावर चालत होते. फाळणीच्या दंग्यांनी देश होरपळत असताना ही माणसे एकमेकांची चित्रे पाहत, एकमेकांशी भांडत आणि पदरचे पैसे घालून प्रदर्शनाची तयारी करीत होती. त्यांना जोडणारा धागा शैलीचा नव्हता. सहाही जणांची चित्रे एकमेकांपासून अगदी वेगळी होती. कलाशाळेची ठराविक शिस्त नको, बंगाली पुनरुज्जीवनवादातील हळुवार पौराणिकताही नको आणि चित्र कसे असावे हे ठरवण्याचा अधिकार चित्रकाराचा, एवढ्यावर त्यांचे एकमत होते.

जुलै १९४९मध्ये रॅम्पार्ट रो येथील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात या ग्रुपचे मुंबईतील पहिले प्रदर्शन भरले. मुल्कराज आनंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ज्या संस्थेने आरांचे चित्र नाकारले, तिच्याच भिंतींवर नाकारलेल्यांची चित्रे लागली. त्याचे स्वागत एकमुखी झाले नाही. काहींना ती चित्रे ओबडधोबड वाटली, काहींना परकी. पण मुंबईच्या चित्रकलेत काही तरी बदलले आहे, हे कोणालाही नाकारता आले नाही. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात तेथील कलकत्ता ग्रुपबरोबर संयुक्त प्रदर्शन झाले आणि दोन शहरांतील आधुनिक चित्रकार प्रथमच एकमेकांसमोर उभे राहिले.

ग्रुपचे आयुष्य मात्र थोडके ठरले. सूझा १९४९मध्येच लंडनला गेले, रझा १९५०मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला आणि बाकरे १९५१मध्ये लंडनला. त्यांच्या जागी वासुदेव गायतोंडे, कृष्ण खन्ना, मोहन सामंत अशी नवी मंडळी आली. परंतु मूळचा जोर राहिला नाही आणि १९५६मध्ये ग्रुप विसर्जित झाला. हुसेन मुंबईत होते, पण त्यांचा संचार सर्वत्र होता. आरा मात्र वाळकेश्वरच्या खोलीतच राहिले. परदेशी जाऊन नाव काढावे असे त्यांनी मनावर घेतले नाही. लंडन-पॅरिसची वाट धरणाऱ्यांना तेथील संग्रहालये, दालने आणि समीक्षक लाभले. मुंबईत राहिलेल्याला मुंबईच मोठी करावी लागणार होती.

आरांच्या चित्रांचा विचार करताना पहिली दखल घ्यावी लागते ती त्यांच्या माध्यमाची. आरंभी त्यांनी बव्हंशी कागदावर, जलरंगात आणि अपारदर्शक जलरंगात काम केले. कॅनव्हास व तैलरंग महाग, ते सुकायला वेळ लागणार आणि मोठे चित्र ठेवायला भिंत हवी. लहान खोलीत राहणाऱ्याला कागद परवडतो. पण या मर्यादेतून त्यांनी एक पद्धत घडवली. जलरंग ते इतक्या जाडसरपणे, थरावर थर देऊन लावीत की दुरून ते चित्र तैलरंगातील वाटावे. पुढे तैलरंग हाती आले तेव्हा त्यांनी नेमके उलट केले. रंग पातळ करून ते जलरंगाप्रमाणे वाहते ठेवले. शिकवलेले नियम ठाऊक नसलेल्या माणसालाच अशी उलथापालथ सहज सुचते.

विषयांच्या बाबतीतही त्यांची वाट साधी होती. भिकारी, जुगारी, वेश्या अशी शहराच्या कडेला जगणारी माणसे त्यांनी रंगवली, इतिहासातील प्रसंग रंगवले, निसर्गदृश्ये रंगवली; पण त्यांचे मन रमले ते वस्तूंमध्ये. टेबल, त्यावर अंथरलेले कापड, एक फुलदाणी, दोन फळे, एखादा सुरईसारखा चंबू. सेझानचा प्रभाव या चित्रांवर उघड दिसतो. टेबलाचा पृष्ठभाग पाहणाऱ्याकडे कलतो, वस्तूंच्या कडा जाड आणि ठाम असतात, मागची भिंत आणि पुढचे फळ एकाच रंगवजनाने समोर येतात. तरीही आरांची फुले फ्रान्सची वाटत नाहीत. त्यांच्यातील तांबडा आणि पिवळा भडकपणाच्या काठावर थांबतो. बाजारातून नुकतीच आणलेली झेंडू-शेवंतीची टोपली सांडावी, तसा तो रंग असतो. १९५२मध्ये ‘टू जग्ज’ या स्थिरवस्तुचित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीने सुवर्णपदक दिले. पाच वर्षांपूर्वी ज्याला दार बंद केले होते, त्याचा हा सन्मान होता. ज्याने आयुष्याची पहिली कित्येक वर्षे दुसऱ्यांची भांडी पुसली, त्याला दोन भांड्यांच्या चित्रासाठी पदक मिळावे, हा योग लक्षात राहण्याजोगा आहे.

त्यांचा दुसरा आवडता विषय अधिक धोक्याचा होता. विवस्त्र स्त्रीदेह हा विषय सातत्याने आणि एकाग्रतेने हाताळणाऱ्या पहिल्या आधुनिक भारतीय चित्रकारांत आरांची गणना होते. कलाशाळेत नग्नाकृतीचा अभ्यास होत असे, पण तो वर्गापुरता. पुराणकथेचा किंवा शृंगारकाव्याचा आधार न घेता, साध्या देहाकडे साधेपणाने पाहणारे चित्र सार्वजनिक दालनात टांगणे ही निराळी गोष्ट होती. १९५४मध्ये जहांगीर कलादालनातील प्रदर्शनात अकबर पदमसी यांच्या दोन चित्रांवर अश्लीलतेचा आरोप ठेवून त्यांच्यावर खटला भरण्यात आला होता. न्यायालयाने चित्रकाराच्या बाजूने निकाल दिला, पण हवा काय होती ते त्यावरून कळते. या हवेत आरांनी आपला विषय सोडला नाही. १९६३मध्ये पंडोल कलादालनात त्यांचे ‘ब्लॅक न्यूड’ या नावाचे प्रदर्शन भरले. काळ्या रंगाच्या मोठ्या, वजनदार वळणांनी उभ्या केलेल्या या आकृतींत सजावट नाही आणि आर्जवही नाही. बसलेली, पहुडलेली, पाठमोरी स्त्री त्यांच्या चित्रात बहुधा टेबलावरच्या घटासारखीच असते. आकाराचे भान आणि भार एवढेच तिथे दिसते. काहींना हा अलिप्तपणा खटकला, तर काहींना त्यातच त्या चित्रांचे सौंदर्य दिसले.

चित्रे काढणे हा या आयुष्याचा एक भाग होता, ती विकणे हा दुसरा. आज भारतीय आधुनिकांच्या चित्रांना कोट्यवधींची बोली लागते. २०२५च्या मार्चमध्ये हुसेन यांच्या ‘ग्राम यात्रा’ या चित्राला न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलर मिळाले. पण पन्नासच्या दशकात चित्र विकत घेणारा मुंबईकर हाताच्या बोटांवर मोजण्याइतका होता. चित्रांसाठी खासगी दालने नव्हती. केकू गांधी यांच्या केमोल्ड या चौकटींच्या व्यवसायात, चौकटींबरोबर तरुणांची चित्रेही मांडली जात आणि चौकट घ्यायला आलेला माणूस कधीकधी चित्र घेऊन जाई. त्याचे केमोल्ड कलादालन झाले ते १९६३मध्ये, जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर. त्याच वर्षी फ्लोरा फाउंटनजवळ काली पंडोल यांचे दालन सुरू झाले. संस्थांपैकी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी होमी भाभा यांनी जाणतेपणाने चित्रे जमवली, त्यांत आरांचीही आहेत. एअर इंडियानेही आपल्या कचेऱ्यांसाठी भारतीय चित्रकारांची चित्रे घेतली. एवढ्या मोजक्या खिडक्यांमधून येणाऱ्या पैशांवर एका पिढीला दिवस काढावे लागले.

प्रदर्शन भरवायचे तर दालनाचे भाडे, चौकटी, निमंत्रणपत्रिका आणि वाहतूक एवढा खर्च आधी करावा लागतो. विक्री झाली तर नंतर. नव्या चित्रकाराचे घोडे इथेच अडते. १९५२मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जहांगीर कलादालन उभे राहिले आणि मुंबईला तिचे पहिले प्रशस्त सार्वजनिक दालन मिळाले. परंतु तिथे लवकरच तारखांसाठी रांग लागली. ही अडचण आरांनी स्वतःच्या अनुभवातून ओळखली होती. रॅम्पार्ट रोवरील आर्टिस्ट्स सेंटर या कलावंतांच्या संस्थेचे सचिव म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले. चित्रकारांना मदतीचा हात देण्यासाठी उभी राहिलेली ही संस्था. तिचे छोटे दालन नवोदितांच्या आवाक्यातले होते. ज्याच्याकडे पदविका नाही, ओळख नाही आणि जहांगीरची तारीख मिळेपर्यंत थांबण्याइतका पैसा नाही, अशा चित्रकाराला तिथे भिंत मिळे.

सचिवाचे काम म्हणजे पत्रे लिहिणे, तारखा लावणे, भाड्याचा हिशेब ठेवणे आणि दिवे लागतात की नाही ते पाहणे. कलेच्या इतिहासाची पुस्तके अशा कामाची नोंद करीत नाहीत. ग्रुपच्या स्थापनेची तारीख त्यांत असते, जाहीरनाम्याची चर्चा असते. पण पुढची अनेक वर्षे एका दालनाचे दार वेळेवर उघडत राहिले, याला मथळा मिळत नाही. ज्याचे चित्र एकदा दारावरून परत गेले होते, त्याने इतरांसाठी दार उघडे ठेवण्याचे काम पत्करले, यात आरांच्या स्वभावाचा सारांश आहे. खोलीवर येणाऱ्या तरुण चित्रकारांसाठीही त्यांचे घर मोकळे असे. स्वतःची मिळकत बेताची असताना दुसऱ्याच्या अडीअडचणीला धावून जाणारे, अशीच त्यांची प्रतिमा मुंबईच्या कलाविश्वात राहिली.

आरांच्या कामाचे मूल्यमापन करताना भाबडेपणा टाळायला हवा. त्यांनी विपुल चित्रे काढली आणि ती सारखी नाहीत. फुलदाण्यांना मागणी असे, म्हणून फुलदाण्या वारंवार आल्या. काही चित्रांत हात सवयीने चालल्याचे दिसते. सूझांची धारदार कडवट रेषा, रझांची पुढची चिंतनशील भूमिती किंवा गायतोंडे यांचे अमूर्त मौन यांच्याशी तुलना केली तर आरांनी स्वतःला फारसे बदलले नाही, हा आक्षेप खरा आहे. पण या तुलनेत एक गोष्ट निसटते. आयुष्यभर रोजचे काम म्हणून चित्र काढणाऱ्या, त्यावर भाडे भरणाऱ्या आणि भेटायला येणाऱ्याला चहा पाजणाऱ्या चित्रकाराची सगळीच चित्रे शिखरे असू शकत नाहीत. त्यांतील उत्तम चित्रे वेगळी काढली, तर रंगांचा असा निर्भय सोहळा त्यांच्या पिढीत फार थोड्यांकडे सापडतो.

मान्यता त्यांना मिळालीच नाही, असे नव्हे. ललित कला अकादमीने त्यांना फेलो म्हणून गौरवले. त्यांची चित्रे देशाबाहेरील प्रदर्शनांत गेली आणि आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात समाविष्ट झाली. मात्र कीर्तीबरोबर येणारा थाट त्यांच्या वाट्याला आला नाही आणि त्यांनी तो शोधलाही नाही. सत्तरच्या दशकात मुंबईत नवी पिढी आली, नवे विषय आले, अमूर्त कलेचा आणि नंतर मानवाकृतीकडे परतणाऱ्या चित्रांचा काळ आला. आरा तेव्हाही काळा घोड्यावर, नव्या चित्रकारांच्या प्रदर्शनांत दिसत. ३० जून १९८५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सातव्या वर्षी ज्या शहरात ते आले, त्याच शहरात सहा दशकांहून अधिक काळ काढून त्यांची जीवनयात्रा संपली.

आज लिलावांच्या यादीत आरांची चित्रे नियमित दिसतात, पण त्यांच्या सहकाऱ्यांच्या किमतींशी त्यांची तुलना होत नाही. बाजाराचा हिशेब वेगळा असतो. परदेशी गेलेल्या सूझा-रझांभोवती जी आख्याने तयार झाली, ती इथेच राहिलेल्या गाडे आणि आरा यांच्याभोवती झाली नाहीत. लंडनला बरीच वर्षे काढून कोकणात मुरुड-हर्णैला परतलेले बाकरेही २००७मध्ये जवळजवळ विस्मृतीतच गेले. सहाजणांपैकी तिघांची नावे घराघरांत पोहोचली आणि तिघांची अभ्यासकांपुरती उरली. तरीही ज्या बंडातून हा ग्रुप जन्मला, त्याची ठिणगी आरांच्या नाकारलेल्या चित्रातून पडली होती, हे विसरता येणार नाही.

मुंबईत आजही दूरच्या गावांतून तरुण चित्रकार येतात. कोणी विरार-कल्याणकडे भाड्याच्या खोलीत राहतो, कोणी दिवसा नोकरी करून रात्री रंगवतो, कोणी चार मित्रांत एक स्टुडिओ वाटून घेतो. रंग महाग झाले, जागा त्याहून महाग झाली आणि चांगल्या दालनाची तारीख मिळायला आजही वर्षानुवर्षे थांबावे लागते. त्यांतील एखादा रॅम्पार्ट रोवरच्या लहान दालनात आपली पहिली आठ-दहा चित्रे लावतो, पदरमोड करून निमंत्रणे वाटतो आणि संध्याकाळी दाराशी उभा राहून पाहुण्यांची वाट बघतो. या रस्त्यावर आपल्या आधी मोटारी धुणाऱ्या एका माणसाने हीच वाट पाहिली होती आणि मागून येणाऱ्यांना ती थोडी सुकर व्हावी म्हणून आयुष्याची कित्येक वर्षे खर्ची घातली होती, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. आरांची फुले संग्रहालयांच्या भिंतींवर आहेतच. पण अशा प्रत्येक पहिल्या प्रदर्शनात त्यांच्या कामाचा काही अंश पुढे चाललेला असतो.